या नावाचं इथं कोणी नाही

सासूच्या गुडघ्याला तेल लावायचं काम भार्गवीकडे कधी आलं हे जोगळेकरांच्या घरात आता कुणालाच आठवत नव्हतं. दुपारचा चहा झाला की गोदावरीबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायच्या, लुगडं जरा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "चल गं, लाव आता, नाहीतर रात्रभर माझं कण्हणं ऐकशील." भार्गवी कोमट तेलाची वाटी घेऊन पायाशी बसायची, आणि मग तासभर दोघींचं साऱ्या साताऱ्यावर बोलणं चालायचं... कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, भाजीवाल्यानं आज मेथीच्या जुडीत किती माती घातली. सासू-सुनेचं इतकं पटतं याचं शेजारणींना नवल वाटायचं आणि थोडं दुःखही व्हायचं, खोटं कशाला सांगा.

त्या दुपारीही भार्गवी तशीच बसली होती, आणि फाटक वाजलं. हेल्मेट काखेत धरलेला, पन्नाशीचा, घामाघूम झालेला एक माणूस फाटकाबाहेर उभा होता.

"आवं आजी, क्रांती आनंदराव सूर्यवंशी हितंच राहत्यात न्हवं?"

भार्गवीचा हात गुडघ्यावरच थांबला. किती वर्षांनी ते नाव तिच्या कानांवर पडलं होतं... आणि कुठल्या अनोळखी तोंडून. तिचं अंतःकरण असं काही हललं की वर बघायचंसुद्धा धाडस तिला झालं नाही. तिचा थांबलेला हात गोदावरीबाईंना कळला नसेल असं कसं म्हणावं, गुडघा त्यांचाच होता. पण त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "या नावाचं इथं कोणी नाही."

"मग जोगळेकरांचं घर हेच ना?"

"घर हेच. पण इथं मी, माझा मुलगा देवदत्त आणि ही माझी सून भार्गवी. नातू पुण्याला असतो. क्रांती कोणी नाही."

माणूस जरा घुटमळला. मग म्हणाला, "पानी मिळंल का वैनी? लय ऊन हाय." पाणी द्यायला उठावं लागलं ते भार्गवीलाच. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो आधी पाणी प्यायला आणि मग विचारलं नसतानाच त्यानं सगळं सांगून टाकलं. त्याचं नाव आप्पासो. आष्ट्यातली एक पतसंस्था फार वर्षांपूर्वी बुडाली, तिची जुनी येणी गोळा करायला आता सरकारनं साहेब नेमला होता, आणि त्या साहेबासाठी हा गावोगाव माणसं हुडकत हिंडत होता. आष्ट्याच्या लालासाहेब सूर्यवंशीनं त्या संस्थेतून बँडची वाद्यं घ्यायला कर्ज काढलं होतं आणि त्याला जामीन राहिली होती त्याची धाकटी बहीण, क्रांती.

"आता बघा वैनी, त्या माणसानं निम्म्याच्या वर फेडलंवतं. मग एक दिवस संस्थेलाच कुलूप पडलं. पैसे घ्यायलाच कुणी न्हाई म्हटल्यावर ह्याला वाटलं, मिटलं. पन मिटत न्हाई ना ते. व्याजानं फुगून तीन लाखाच्या वर गेलंय." आप्पासोनं कपाळ पुसलं. "येत्या सोमवारी शेवटची तारीख हाय. कर्जदार आन् जामीनदार, दोगांच्या सह्या पडल्या तर व्याज समदं माफ, मुद्दल तेवढी हप्त्यानं. जामीनदार न्हाई आला तर सवलत न्हाई... घरावर जप्ती."

"मग बहीण येईल की," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"त्योच तर घोळ हाय आजी. लालासाहेब म्हणतोय, बहीण वारली. तसं लिहूनच दिलंय त्यानं, क्रांती मयत. दाखला आण म्हटलं तर आणत न्हाई. आन् त्याच्याच गल्लीतली सुलाबाई मला म्हणती, कुठली वारली, चांगली साताऱ्यात जोगळेकरांच्यात दिलीया."

भार्गवीच्या हातातलं तांब्याचं झाकण खाली पडलं. आप्पासोनं ते उचलून तिच्या हातात दिलं, तिच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि हेल्मेट घातलं. "सोमवारी अकराला, आष्ट्यात, संस्थेच्या जुन्या हापिसात," तो म्हणाला, "कुणाला सांगायचं असंल तर सांगा." मग तो गेला.

गुडघा अर्धाच चोळून झाला होता. दोघींपैकी कुणालाच त्याची आठवण राहिली नाही.

मयत... स्वयंपाकघरात येऊन भार्गवी ओट्याला टेकून उभी राहिली. दादानं, आपल्या दादानं आपल्याला मेलेली म्हणून लिहून दिलं.

वडील आनंदराव शाळामास्तर होते. मुलगी झाली तेव्हा साऱ्या गावाला पेढे वाटून त्यांनी मोठ्या अभिमानानं तिचं नाव क्रांती ठेवलं होतं. ती बारावीत असताना ते गेले. त्यानंतर आई-बाप जे काही होतं ते लालासाहेबच. सुपारी असली की हा लग्नात ट्रम्पेट वाजवायचा, आणि नसली की दुसऱ्याच्या हळदीच्या रानात मजुरीला जायचा. क्रांती शिकली, सांगलीच्या एका शाळेत कारकून झाली, आणि स्वतःचा बँड काढायला दादाला कर्ज हवं होतं तेव्हा घरात पगाराची पावती असलेलं माणूस ती एकटीच. "जामीन म्हंजे काय रं दादा?" असं विचारत तिनं हसत हसत सही केली होती. "म्हंजे मी पळून गेलो तर तुला धरत्यात," लालासाहेब म्हणाला होता.

पुढे आष्टा-सांगली एस.टी.त देवदत्त भेटला. जात वेगळी, बोलणं वेगळं, घरं वेगळी... दोन्हीकडं कुरकुर झाली आणि दोन्हीकडं निवळली. लग्न आष्ट्यातच झालं. लालासाहेबाचा स्वतःचा बँड, नवीकोरी वाद्यं, स्वतःच्या बहिणीच्या लग्नात तो स्वतः असा काही वाजवत होता की मुहूर्ताला उशीर होतोय म्हणून भटजींना दोनदा निरोप पाठवावा लागला. मग ताटात तांदूळ पसरले गेले. देवदत्तनं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं आणि गोदावरीबाईंनी ते मांडवात मोठ्यानं सांगितलं, "आजपासून ही आमची भार्गवी."

बँड गाण्याच्या मध्येच थांबला.

लालासाहेब पुढे आला होता. त्याचा चेहरा तिला अजूनही जसाच्या तसा दिसायचा. "बाबानं ठेवलेलं नाव पुसलं ह्यांनी, आन् तू खाली मान घालून बसलीस. माझी भन क्रांती. भार्गवीला भाऊ न्हाई," एवढंच म्हणून त्यानं वाद्यं टेम्पोत टाकली आणि तो निघून गेला. वरात मुकी निघाली. नव्या घरात पहिल्याच दिवशी वाद नको, सगळ्यांना सांभाळून घ्यावं, म्हणून ती गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याची किंमत तिनं पुढे दर भाऊबीजेला मोजली, कारण भाऊ नसलेल्या बायकांसारखी ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. दर श्रावणात तिनं टपालानं राखी पाठवली. राखी परत आली नाही, आणि उत्तरही आलं नाही.

आणि आता हे उत्तर आलं होतं.

संध्याकाळी देवदत्त कारखान्यातून आला. ताट वाढता वाढता तिनं त्याला सगळं सांगितलं. गोदावरीबाई समोरच बसल्या होत्या, मान खाली घालून जेवत होत्या. देवदत्तनं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस तसा भला, पण प्रत्येक गोष्टीला आधी झाकण लावून बघायची त्याची सवय.

"हे बघ भार्गवी," तो म्हणाला, "तुझं आधार, पॅन, रेशनकार्ड, सगळं भार्गवी देवदत्त जोगळेकर. क्रांती सूर्यवंशीचा एक कागद घरात नाही. आईनं सांगितलंय तेच खरं. ते काही करू शकत नाहीत."

"आणि दादाचं घर?"

देवदत्तनं आमटीत भात कालवला. "त्यानं तुला मेलेली म्हटलंय."

"म्हणू दे. मेलेल्या बहिणीनं येऊन घर सोडवलं म्हणून गावभर सांगत हिंडेल." हसायचा प्रयत्न करता करताच तिनं हातातला डाव खाली ठेवला. "त्या घरात माझ्या बाबांचा जीव गेला हो... माझ्या एका सहीवाचून ते जायचं? तुम्ही सांगा, मी इथं सुखानं पोळ्या लाटत बसू?"

"पैशाचं म्हणत नाही मी. व्याज सुटलं तर रक्कम ती काय, होईल." देवदत्तचा आवाज खाली आला. "मला भीती निराळी आहे. तू जाशील, आणि तो पुन्हा तुझ्या तोंडावर दार लावील. लग्नानंतर महिनाभर तू नीट जेवली नव्हतीस, ते मी पाहिलंय."

नवऱ्यानं इतक्या वर्षांपूर्वीचं आपलं न जेवणं लक्षात ठेवलंय याचं भार्गवीला बरं वाटलं. मग तिनं सासूकडे पाहिलं. गोदावरीबाईंनी दुसरी पोळी घेतली नाही, नुसतं ताक प्यायल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या. आईंना आवडलं नाही, असंच भार्गवी धरून चालली. सुनेनं माहेरचं मोडीत निघालेलं नाव पुन्हा काढावं, तेही कर्जापायी, हे कुणाला आवडेल?

सोमवारी सकाळी ती एस.टी.नंच जाणार होती. कसली एस.टी.? बाहेर आली तर देवदत्तनं रजा टाकून गाडी काढलेली, आणि पुढच्या सीटवर शाल गुंडाळून, पिशवी मांडीवर घेऊन गोदावरीबाई आधीच बसलेल्या.

"आई, तुम्ही कुठं? एवढा लांबचा प्रवास, तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. त्याला कुठं न्यायचं ते मी ठरवीन," गोदावरीबाई म्हणाल्या. "बस मागं."

कऱ्हाड गेलं, पेठ नाका गेला, उसाचे ट्रॅक्टर ओलांडत गाडी आष्ट्याकडे वळली, तरी त्यांनी दुसरा शब्द काढला नाही.

संस्थेचं जुनं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एका टेबलामागे चष्मा लावलेला तरुण साहेब होता, त्याच्या शेजारी फायली लावत आप्पासो, आणि भिंतीकडेच्या बाकावर लालासाहेब... किती वाळला होता. मिशा पार पांढऱ्या झालेल्या, सदरा खांद्यावरून उतरलेला. डीजे आल्यापासून बँडला कोण विचारतो. "दादा," ती दारातूनच म्हणाली, पण ओठांतल्या ओठांत.

लालासाहेबानं वर पाहिलं. एक क्षण, एकच क्षण, त्याचा अवघा चेहरा आनंदानं असा फुलला की देवदत्तलाही ते दिसलं. मग त्यानं मान फिरवली.

"साहेब," आप्पासो म्हणाला, "ह्याच त्या जामीनदार, क्रांती सूर्यवंशी."

साहेबानं तिचं आधारकार्ड पाहिलं. "यावर तर भार्गवी जोगळेकर आहे. लग्नात नाव बदललं? त्याचा काही कागद आहे?"

"तेव्हा कुणी कागद करत नसे," देवदत्त म्हणाला.

"मग ओळख पटवणारं कोणीतरी हवं. लालासाहेब, ह्या तुमच्या बहीण ना?"

लालासाहेब उठून उभा राहिला. "न्हाईत. माझी भन वारली. तसं दिलंय की लिहून. ह्या बाईस्नी मी वळखत न्हाई."

भार्गवीनं टेबलाची कड धरली. आणि मग इतकी वर्षं साताऱ्याच्या घरात जपून वागवलेलं सगळं बोलणं तिच्या तोंडून गळून पडलं, आणि आष्ट्याच्या गल्लीतली पोर बोलायला लागली.

"वळखत न्हाईस? मला वळखत न्हाईस व्हय रं दादा? ताप आला की मांडीवर घिऊन रातरात बसायचास, त्या क्रांतीला वळखत न्हाईस? माझी फी भराय दुसऱ्याच्या रानात हळद शिजवलीस, हात भाजून आलास, त्यावर तेल कुणी लावलं रं? बोल की. कुणी लावलं?"

लालासाहेब समोरच्या भिंतीकडे बघत होता. "बाई, तुमी घरी जावा," तो म्हणाला. बहिणीला तो तुमी म्हणाला. "तुमचं नाव भार्गवी हाय, चांगलं हाय. तुमचं घरदार चांगलं हाय. सासूबाई संगं आल्यात, मालक संगं आल्यात... त्यांच्याम्होरं कशाला ह्या असल्या कागदाला हात लावताय? माझं मी बघंन. साहेब, करा तुमी जप्ती."

तेव्हा कुठं भार्गवीला उलगडलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर त्याला खोटं बोलता आलं नसतं. रागापोटी त्यानं तिला मारलं नव्हतं. वसुलीवाल्यानं तिच्या सासरच्या दारात जाऊ नये, तिच्या सासरी माहेरच्या कर्जाचा कागद निघू नये, एवढ्यासाठी त्यानं तिला मयत केलं होतं, आणि त्यापायी बापाचं घर घालवायला हा वेडा माणूस निघाला होता. तिचा राग कुठल्या कुठं गेला. "दादा..." ती म्हणाली.

"मला काय, ते ओळखत नाही म्हणतात," साहेब अवघडून म्हणाला. "ओळख पटल्याशिवाय मी सही घेऊ शकत नाही. आणि सही नसेल तर आज मला आदेश काढावा लागेल."

"मी ओळखते."

खुर्चीचा हात धरून गोदावरीबाई उभ्या राहत होत्या. देवदत्त धावला, त्याचा हात त्यांनी बाजूला केला.

"मी गोदावरी गंगाधर जोगळेकर. माझं वय ब्याऐंशी. लिहून घ्या, साहेब. ही क्रांती आनंदराव सूर्यवंशी. हिचं नाव बदललं ते मी. दुसऱ्या कुणी नाही. मांडवात मोठ्यानं सांगितलं तेही मीच, सगळ्या वऱ्हाडानं ऐकलंय, या बँडवाल्यानंही ऐकलंय. परवा हे आप्पासो दारात आले तेव्हा या नावाचं इथं कोणी नाही म्हणणारीही मीच."

"आई, बसा ना," भार्गवी म्हणाली.

"थांब गं. सवय नाही मला असं बोलायची, मध्ये अडवलंस तर राहून जाईल." गोदावरीबाई लालासाहेबाकडे वळल्या. "तुला वाटलं, तुझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव आम्हाला हलकं वाटलं. थोडं वाटलंही होतं, खोटं कशाला बोलू. क्रांती म्हणजे कुठं मोर्चाबिर्चाला जाईल असं वाटायचं मला. पण ते खरं कारण नव्हे. देवदत्तच्या आधी मला मुलगी झाली होती. पाच महिन्यांची होऊन गेली. तिचं नाव भार्गवी... ह्यांना त्रास व्हायचा म्हणून घरात कधी कुणी तिचं नाव काढलं नाही. या देवदत्तलाही माहीत नाही. तुझी बहीण पहिल्यांदा आमच्याकडे आली, चपला काढून, हात धुऊन, सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, आई, पोह्याला मीठ कमी झालंय... तेव्हाच मी मनात म्हटलं, आली माझी भार्गवी. मला मुलगी हवी होती रे. तुम्ही ठेवलेलं नाव पुसायचं होतं असं नाही. पण पुसलं गेलं, आणि त्यापायी हिचा भाऊ गेला, ते मी उघड्या डोळ्यांनी बघत राहिले. दर भाऊबीजेला ही गच्चीवर जायची आणि मी खाली दिवा मालवून बसायची."

देवदत्त आईकडे बघतच राहिला. भार्गवी खाली बसली, आणि गेली कित्येक वर्षं रोज दुपारी जिथं बसायची तिथंच, सासूच्या पायांशी, तोंड पदरात लपवून रडू लागली. आप्पासो फायलींत उगाच काहीतरी शोधत होता.

"उठ," गोदावरीबाई म्हणाल्या. "उठ क्रांती. साहेब खोळंबलेत. मग रड."

साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली. मग कागद भार्गवीपुढे आला. तिनं पेन हातात घेतलं खरं, पण हात अडला. माहेरच्या नावाची इतकी जुनी सही, सवय मोडून गेलेली... क्र काढला, आणि पुढे काही जमेना. "कशी करायची मी?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"शेवटच्या वेलांटीचं शेपूट पार सूर्यवंशीपातूर वढायचीस," लालासाहेब म्हणाला. "बाबा वराडायचं त्यावरनं."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्यानं हातांनी तोंड झाकलं आणि एवढा बाप्या माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"म्हणजे ओळखता," साहेब म्हणाला.

"वळखतो वो... वळखतो. माझी धाकटी भन हाय ती."

भार्गवीनं शेपूट पार सूर्यवंशीपर्यंत ओढलं आणि जाऊन भावाच्या गळ्यात पडली. "घर घालवाय निघालावतास, येड्या. मला एक फोन केला आसतास तर काय झालं आसतं?"

"कुठल्या तोंडानं करू?" लालासाहेब म्हणाला. "तुझी वरात मुकी घालवली मी. सासरच्या पयल्या पायरीवर तुझी मान खाली घातली. राखी आली की देव्हाऱ्यात ठिवायचो, बांधून घ्यायचं त्वांड नव्हतं. पुन्यांदा तुझ्या दारात माझ्या पायी वसुलीवाला उभा ऱ्हावा, त्यापरीस घर गेल्यालं बरं म्हटलं."

"घर गेलं आसतं तर तुझ्या बायकूनं तुला दारात उभं केलं आसतं का?" भार्गवी डोळे पुसत म्हणाली, आणि लालासाहेबाला हसू आलं.

"बरं, मग ह्या मयताचं काय करू, लालासाहेब?" आप्पासोनं फाईल वर धरली. "हितं तर बहीण मयत म्हणून लिहिलंय तुमी."

"खोडा की त्ये. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. वाढलं म्हणा."

हप्ते ठरले. निम्मे भावाचे, निम्मे बहिणीचे. लालासाहेब निम्म्यालाही तयार होईना, तेव्हा देवदत्तनं पहिल्यांदाच आवाज चढवला, "मेहुणे, तुमची बहीण जामीन आहे आणि मी तिचा नवरा आहे. आता गप्प बसा." हे इतकं अनपेक्षित होतं की लालासाहेब खरोखरच गप्प बसला.

बाहेर आल्यावर त्यानं गोदावरीबाईंना वाकून नमस्कार केला. "आई, घरी चला. भाकरी खाल्ल्याबिगर सोडणार न्हाई."

"चल, पण गाडी दारापर्यंत जाते ना?"

"गल्ली बारीक हाय. धरतो की तुमाला." आणि त्यानं त्यांचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा भार्गवीनं धरला, आणि तिघं हळूहळू गल्लीतून चालू लागले. देवदत्त पिशवी घेऊन मागे. उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सुलाबाईनं कपाळावर हात आडवा धरून पाहिलं.

"कोन पावनं रं, लालासाहेब?"

लालासाहेब थांबला. भार्गवीनं त्याच्याकडे पाहिलं. आता तो काय म्हणेल? त्यानं आधी गोदावरीबाईंकडे पाहिलं, मग सुलाबाईकडे.

"भन आलीया साताऱ्यासनं. भार्गवी."

"भार्गवी कोन? तुझी भन क्रांती न्हवं?"

"तीबी हीच," लालासाहेब म्हणाला. "दोनी हीच. आन् ह्या तिच्या आई."

गोदावरीबाईंनी सुलाबाईला नमस्कार केला, आणि सुनेच्या दंडावरची आपली पकड जराही सैल न करता त्या लालासाहेबाच्या घराच्या दिशेनं चालू लागल्या.